पुलीवरचा शेंदूर

पाटोदा, २० डिसेंबर १९७२

चतुरा,

हे पाकीट उमापूरच्या त्रिंबक गुरुजींच्या पत्त्यावर टाकतोय. शाळेच्या विहिरीवर तू रोज पाण्याला जातेस, हे तुझ्या कडूआत्यानं सांगितलं. पत्ताही तिनंच दिला. गुरुजी पाकीट फोडणारे नाहीत म्हणते. फोडलंच असेल तर गुरुजी, नमस्कार, आणि पुढचं वाचू नका.

तू खुशाल असशील असं वर लिहायचं असतं. मी लिहीत नाही. मी इथं खुशाल नसताना तू तिथं खुशाल कशाला?

आधी एक सांगतो. रामकिसनशी माझं काही झालेलं नाही. कुणी तुमच्या मेंढवाड्यावर येऊन काही सांगितलं तर खोटं समज. रामकिसन लोकर सोसायटीचा सेक्रेटरी, आणि मी सोसायटीचा कोण? कुणी नाही. तो म्हणाला, "खाटगाडी भंगारात घालू, नगरचा मानूस येतोय." मी म्हणालो, "घालून बघ." इतकंच.

दिवाळीनंतर तुमचा वाडा मेंढरं घेऊन गोदावरीकडं उतरला, त्या दिवशी बाभळीखाली तू जे बोललीस ते मला पाठ झालंय. "सिदू, तू रागानं धरतो आन् रागानंच सोडतो. कॉलेज सोडलंस. उद्या मला सोडशील. एक तरी काम शेवटाला ने. ही खाटगाडी कुनी न ढकलता उमापूरला आन, मग मी आबांपुढं तोंड उघडते. न्हाई तर संक्रांतीनंतर नारायणगडावर आबा सावरगावच्या पावण्यांना शब्द देत्याल, आन् मी न्हाई म्हननार न्हाई."

कॉलेजचं तू काढलंस म्हणून बोलतो. घोंगडीचा वास येतो असं तो मास्तर सगळ्या वर्गापुढं म्हणाला. मी प्रॅक्टिकलची वही फाडली आणि पाटोद्याची एस.टी. धरली. तुझ्याच आबांच्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी होती ती. तू असतीस तर काय केलं असतंस? बसून राहिली असतीस. मला माहीत आहे. आणि परीक्षा पण दिली असतीस.

असो. गाडीचं सांगतो.

तो लांबडा परदेशी साहेब आणि त्याची बाई ती सोसायटीला देऊन विमानानं गेली, तेव्हापासून ती शेडमध्ये उभी आहे. तुला आतली खाट, फुलांचा पडदा आणि तांब्याएवढं मोरीचं भांडं आवडायचं. आता खाटेवर लोकरीची पोती आहेत. पण एक गंमत झाली. चेअरमन बिभीषण तात्या परवा आले, म्हणाले, "पानी कुठं घालायचं हिच्यात?" मी म्हणालो, "घालायचंच न्हाई. हिचं इंजिन वाऱ्यावर गार होतं." तात्या खालीच बसले. तालुक्यात माणसांना पाणी नाही, सरकारी जीपा रेडिएटरसाठी घागरी मागत फिरतात, आणि ही बया पाणीच पीत नाही! "दुष्काळातली गाडी हाय ही," म्हणाले, "भंगारात कावून घालायची? चालवून दाखव. गोदाकाठच्या सगळ्या वाड्यांना पेंड आन् मेंढरांचं औषध हिच्यातनंच धाडू."

म्हणजे आता तुझी अट आणि सोसायटीची अट एकच झाली. साहेबानं ठेवलेलं पुस्तक आहे, भाषा कळत नाही, चित्रं कळतात. नट आवळायचे दोन पाने, एक पेचकस, एवढ्यावर होईल.

संक्रांतीच्या आत येतो. पावण्यांच्या आत.

सिदू

पाटोदा, २७ डिसेंबर १९७२

चतुरा,

तुझं पत्र नाही. पोस्टमन मला बघून आता सायकल वळवतो.

या कागदावर तेल आहे त्याला इलाज नाही. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट नावाचे दोन ओठ असतात, ते उघडले की ठिणगी पडते. किती उघडायचे ते मोजायची पट्टी माझ्याकडं नाही. तालुक्यात कुणाकडं असेल तर ती मागायला मला रामकिसनच्या दुकानावरून जावं लागेल, आणि तिकडून मी सध्या जात नाही. म्हणून दोन कोरी पोस्टकार्डं एकावर एक ठेवून तेवढी फट धरली. तुझंही एक पोस्टकार्ड माझ्याकडं आहे, मागच्या पोळ्याचं, "आत्याला बरं आहे, आईनं विचारलं आहे" एवढंच असलेलं. ते नाही वापरलं. काळं झालं असतं.

आता टायमिंग. हे तुला कळायलाच पाहिजे, कारण सगळं अडलंय ते इथंच. ठिणगी नेमक्या वेळी पडावी लागते. लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यात हाणल्यासारखी बसते आणि इंजिन आतून ठोकत राहतं. उशिरा पडली तर गाडीत जीव राहत नाही, सायलेन्सरमधून बार निघतात. नेमकी वेळ कळावी म्हणून मागच्या पुलीवर, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या चाकावर, एक खाच असते. इंजिनाची दोन अर्धी जिथं जुळतात तिथं शिवण आहे. खाच त्या शिवणीसमोर आणायची, डिस्ट्रिब्युटर सैल करायचा, मागच्या दिव्याचा बल्ब दोन वायरींना बांधून लावायचा, आणि हळूहळू फिरवत जायचं. ज्या क्षणी बल्ब लागला तिथं आवळायचं. झालं. एका पान्याचं काम.

मी ते सात वेळा केलंय. सातही वेळा बल्ब लागतो, आणि सातही वेळा गाडी ठोकते.

सपाटीला बरी चालते. काल डोंगराकडच्या चढाला घेतली तर आतून असा आवाज, की पत्र्यावर कुणी हरभरे ओततंय. निम्म्यात बंद. पोरं ढकलायला आली, त्यांच्यामागं म्हातारे आले, त्यांच्यामागं तात्या. तात्या म्हणाले, "सिद्या, हिला पानी लागत न्हाई खरं, पर मानसं लई लागत्यात."

सगळे हसले. मीही हसायला पाहिजे होतं. मी पाना फेकला. कुणाला लागला नाही.

रॉकेल मिसळलेलं पेट्रोल मिळतं सध्या, त्यानं पण ठोकत असेल. पण सगळा दोष त्याचा नाही, मला आत कुठंतरी कळतंय. पुस्तकातल्या चित्रात खाच छान सरळ आहे, सुरीनं कापल्यासारखी. आमच्या पुलीवर आहे तो वाकडा चरा. साहेबाच्या गाडीला खाच वाकडी का असेल?

आणि रामकिसनचं खरंच काही नाही. एकच दिली. तीही उघड्या हातानं.

तू काहीतरी लिही. शिव्या लिही.

सिदू

पाटोदा, २ जानेवारी १९७३

चतुरा,

सापडली! आणि तुझ्यामुळं हरवली होती.

सकाळी कडूआत्या शेडमध्ये आली. माझ्यासाठी भाकरी आणली होती, पण आधी बोलून घेतलं. "मुडद्या, त्या चाकाला दोन दिस झाले पुसतोयस. त्याला तरी मोकळं सोड."

मी म्हणालो, "आत्या, खाच सापडंना."

"कसली खाच?"

"ह्या पुलीवर असते. एवढीशी."

आत्यानं पदर खोचला, वाकून बघितलं आणि म्हणाली, "चतुरीनं शेंदूर भरला ती का?"

मला आठवलं. अगं, खंडेनवमीला! सोसायटीत कातऱ्यांची पूजा झाली, वजनकाट्याची झाली, तागड्याला हार घातला, आणि तू वाटी घेऊन गाडीकडं आलीस. मला म्हणालीस, "हिला कुठं लावायचा?" मी तुझ्याकडं बघत होतो, गाडीकडं नव्हतो. म्हणालो, "लाव कुठंबी." आत्या म्हणते तू पुलीवर ती खाच बघितलीस आणि म्हणालीस, "हे हिचं तोंड असंल." आणि बोटानं दाबून दाबून तोंडात शेंदूर भरलास. तेलातला शेंदूर, वर अडीच महिन्यांची धूळ. दगड झालाय त्याचा. मी धूळ पुसून पुसून त्यावरच बोट फिरवत होतो, आणि शेजारच्या चऱ्याला खाच समजत होतो. तो चरा कधीतरी बेल्ट काढताना पाना घसरून पडलेला असणार. त्याच्या हिशेबानं मी ठिणगी दरवेळी लवकर पाडत होतो.

मी पेचकस उचलला. आत्यानं मनगट धरलं. तिच्या हातात एवढा जोर कुठून आला कळलं नाही.

"खरवडू नको."

"आत्या, यंत्र आहे ते."

"पूजा झालेलं हाय. बिरोबाच्या अंगावरचा शेंदूर कुनी खरवडतं का? थर साचतो, आपसूक सुटतो तवा सुटतो. आन् काढायचाच तर ज्यानं लावला त्यानं काढावा, न्हाई तर त्यानं काढ म्हनावं. तुला वाटलं म्हनून?"

मी खूप बोललो. कॉलेजचं पण बोललो, जे मी सोडलंय. ती भाकरी ठेवून दारातच बसली, म्हणाली, "मी हितंच हाय. बगू कसा खरवडतो ते."

तिला ढकलून आत जाता आलं असतं. मी रामकिसनला मारतो, आत्याला नाही.

म्हणून चतुरा, हे पत्र परवानगीसाठी. दोन शब्द लिही, "काढ सिदू." पोस्टकार्डावर लिही. सगळ्या तालुक्यानं वाचलं तरी चालेल. बाकी काही लिहू नकोस. सावरगावचं लिहू नकोस, बाभळीखालचं लिहू नकोस. दोन शब्द.

तुझ्या शेंदरावर तुझ्या बोटाचा ठसा आहे. धूळ पुसल्यावर दिसतो. त्यावर पेचकस ठेवायची मला स्वतःलाच इच्छा होत नाही, हे आत्याला सांगितलेलं नाही.

सिदू

पाटोदा, ७ जानेवारी १९७३

चतुरा,

हे पत्र मी टाकणार नाही, बरोबरच घेऊन येतोय. लिहितोय कशाला माहीत नाही. हात थांबत नाही म्हणून.

तुझे दोन शब्द आले नाहीत. काल गेवराईकडचा कंडक्टर भेटला. म्हणाला, उमापूरला सटवा आबांच्या वाड्यावर सावरगावचे पाव्हणे बघितले, फेटे बांधून आलते. संक्रांतीनंतर ठरलं होतं ना? मग आताच कशाला आले? तू न लिहिण्याचं कारण हेच का?

मी शेंदराला हात लावलेला नाही. कानानं लावलंय टायमिंग. डिस्ट्रिब्युटर सैल केला, इंजिन चालू ठेवून फिरवत गेलो, ठोका थांबला तिथं आवळलं. आता ठोकत नाही, पण ओढतही नाही. उशिरा झाली असणार ठिणगी. होऊ दे. मांजरसुंब्यापासून उतारच आहे, पुढं सपाटी. पेंडीची पोती भरलीत, औषधाची पेटी खाटेखाली बांधलीय. तात्यांना सांगितलं नाही. आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "तिच्या पत्राची वाट बघ की." मी म्हणालो, "किती?" ती म्हणाली, "ती बघतीय तेवढी."

मला ते कळलं नाही. निघतोय.

उमापूर, ८ जानेवारी १९७३

चतुरा,

आता हे पत्र पाटोद्याला, कडूआत्याच्या घरी. कारण तू तिथं आहेस आणि मी इथं. हसत असशील तर हस. साखरामावशी, तुझी आई, मी आल्यापासून हसते आहे.

काय झालं ते ओळीनं सांगतो. पोचलो मी, रात्र रस्त्यात काढून. कुणी न ढकलता. पण सायलेन्सरमधून असे बार निघत होते, की वाड्याजवळ आलो तेव्हा तुमची सगळी मेंढरं पांगली आणि कुत्री उलट्या दिशेला पळाली. आबा काठी घेऊन उभे.

"बंदूक आनली का बे?"

"गाडी आहे, आबा."

"ढकलत आली?"

"न्हाई. तिच्या पायानं आली."

"मग मेंढरं कावून पळाली?"

मी उत्तर दिलं नाही. (बघ, दिलं नाही.) मी विचारलं, चतुरा कुठंय. मावशी म्हणाली, "ती सकाळच्या एस.टी.नं पाटोद्याला गेली बाबा. गुरुजींनी तुजं पत्र दिलं, तवाधरनं तिचा जीव थाऱ्यावर न्हवता. आबांच्या मागं लागली, गाडीभाडं द्या. म्हनली, शेंदूर मी भरला, मीच काढीन. त्याच्या हातात धीर न्हाई, तो चाकच फोडील. तेलाची बाटली घेऊन गेली."

गेवराईच्या अलीकडं एक एस.टी. समोरून आली. ड्रायव्हरनं लांबपर्यंत हॉर्न वाजवला, मी खिडकीतून हात काढून त्याला काय दाखवलं ते लिहीत नाही. मागच्या खिडकीत कुणीतरी काच बडवत होतं. ती तू होतीस ना? होतीसच. माझ्या गाडीचे बार ऐकत तू पाटोद्याला गेलीस, आणि मी तुझ्याकडं.

आणि ते फेटेवाले! मी आबांना सरळ विचारलं, शब्द देऊन झाला का. आबा माझ्याकडं बघतच राहिले. "कुनाला?" मी म्हणालो, सावरगावच्यांना. "ते मेंढा बघाया आलते. आपला काळ्या तोंडाचा. घासाघीस केली आन् न घेताच गेले." मावशीला तेव्हापासून हसू आवरत नाही.

आता महत्त्वाचं. आबांनी पेंड उतरवून घेतली, औषधाची पेटी उघडून वास घेतला, मग गाडीभोवती एक फेरी मारली. खाट बघितली. मोरीचं भांडं बघून म्हणाले, "ह्यात काय धुत्यात, वाटी?" आणि मग पाठीमागं येऊन पुलीपुढं उकिडवे बसले. तू त्यांना सगळं सांगून गेली आहेस, दिसलंच मला.

"ही का?"

"हो."

"तू खरवडली न्हाई?"

"आत्या दारात बसली होती."

"आत्या हितं न्हाई. रस्त्यानं चार जागी थांबला असशील. तवाबी न्हाई?"

"न्हाई."

आबा आणखी पुढं वाकले. धूळ पुसलेल्या शेंदरावर बोटाचा ठसा होता तो बघत होते. म्हणाले, "बोट तिचंच हाय." मग उठले, आणि स्वतःच्या हातानं करडईच्या तेलाची वाटी आणि लोकरीचा पुंजका घेऊन आले. "लावनारी माजी लेक. तिच्या जागी मी म्हनतो. पर खरवडायचा न्हाई. उतरवायचा."

तेल लावून बसून राहायचं, पुन्हा तेल, पुन्हा बसायचं. चतुरा, असं काम मी जन्मात केलं नाही. दोनदा वाटलं नखानं ओढावं. आबा बघत होते म्हणून नाही ओढलं, असं लिहिलं तर ते निम्मं खरं होईल. शेवटी शेंदूर मऊ झाला आणि पुंजक्याबरोबर अख्खा सुटून आला, ठशासकट. आबांनी तो वाड्यापुढच्या बिरोबाच्या दगडाला नेऊन लावला. ठसा मोडला, पण गेला देवाकडंच. आणि खाली खाच होती. सरळ, सुरीनं कापलेली. चित्रातल्यासारखी. माझ्या चऱ्यापासून दोन बोटं लांब.

मी बल्ब काढायला धावलो. मग थांबलो.

पुस्तकात त्या पानावर इंजिनाचं चित्र आहे, त्यावर हात ठेवलेला आणि हाताशेजारी बर्फाच्या चांदणीसारखं काहीतरी. आजवर मला वाटायचं ती नक्षी आहे. आज कळलं. टायमिंग गार इंजिनावर लावायचं असतं. पाटोद्याला मी सातही वेळा गाडी चालवून चिडून परत आलो की लगेच, तापलेल्या इंजिनावर लावत होतो. खाच सापडली असती तरी मी चुकलोच असतो थोडा.

आबा म्हणाले, "आता कावून थांबला?"

"गार व्हायला पायजे."

"कोन? गाडी?"

मावशी पुन्हा हसायला लागली.

जेवताना आबांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "सकाळी मी येतो संगं. म्होरं बसतो, खाटेवर न्हाई, मी काय आजारी हाय? मांजरसुंब्याचा घाट ठोका न देता, कुनी न ढकलता चढली, तर नारायणगडावर मी दुसऱ्या कुनाशी बोलत न्हाई. निम्म्यात बंद पडली तर तिथनं मी एस.टी.नं पोरीला आनाया जाईन, आन् तू मागारी बगायचं न्हाई. पोरगी काय पोस्टकार्डावर द्यायची अस्ती का?"

मी हो म्हणालो. एकदाच. वाद घातला नाही.

ही चिठ्ठी संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडं देतोय. तोच तो, हॉर्नवाला. त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "पोरगी काच फोडती का काय असं झालतं."

तू परत यायला निघू नकोस. एवढंच मागतो. तू निघालीस तर पुन्हा कुठंतरी रस्त्यात एकमेकांना ओलांडू. आत्याच्या दारात बस. घाटाच्या बाजूनं आवाज येईल, बार नसतील, हरभरे नसतील, नुसता शिवणयंत्रासारखा आवाज असेल. तो आला तर आम्ही दोघं. आबा पुढं.

टायमिंग आत्ताच लावून टाकावं असं मघाशी मनात आलं. जाऊन इंजिनावर हात ठेवला. अजून कोमट आहे.

थांबलोय.

सिदू